परक्या लाँड्रीची चिठ्ठी

“बाबा, प्रत्येक कपड्याला तुम्ही तारीख देता. मग कोविड संपल्याची तारीख काय, तेवढी सांगा ना.”

हा प्रश्न विचारायची पैज लावली होती फावड्याने, आणि फावड्याला चावी दिली होती रेडिओने. फावडं म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघातली बचावपटू. चेंडू आला की गवत-मातीसकट उचलून पार पलीकडे भिरकावणारी. रेडिओ उजव्या बाजूने धावायची आणि धावताना, जेवताना, परीक्षेतसुद्धा बोलायची. आत्ता मात्र दोघी लाँड्रीच्या काउंटरपाशी उभ्या राहून सुट्या बटणांच्या बरणीत भलताच रस घेत होत्या. जिने प्रश्न विचारला ती घरात छकुली आणि मैदानावर भिंत. पंधरा वर्षांच्या मुलीला छकुली म्हणणं हा खरं तर गुन्हा आहे, पण घरच्यांना कोण सांगणार. भिंत हे नाव मात्र तिने स्वतः कमावलं होतं, सलग सहा सामन्यांत मिळून दोनच गोल खाऊन.

बाबांनी मान वर केली नाही. एका कोटाच्या अस्तराला लाल दोऱ्याने नंबरची चिठ्ठी टाचता टाचता ते म्हणाले, “तुझा काका गोळ्या बंद करेल त्या दिवशी.”

झालं. बटणांच्या बरणीतला रस आटला. त्या गोळ्या कधीच बंद होणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. काका वर माडीवर राहायचा आणि बाबांनी दिलेल्या मूत्रपिंडावर जगायचा. शरीराने ते परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून त्याला जन्मभर गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्या त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवायच्या. साधी सर्दीसुद्धा त्याच्याकडे आली की जावयासारखी मुक्काम ठोकायची.

पैज जिंकली, पण काम तसंच राहिलं. काम म्हणजे स्पर्धेचा फॉर्म. दुसऱ्या शहरात पाच दिवस सामने, आणि वीस मुली रात्री एकाच सभागृहात गाद्या टाकून झोपणार. शुक्रवारपर्यंत आई किंवा बाबांची सही हवी होती आणि आज मंगळवार होता. बाबांनी फॉर्म एकदाच वाचला होता, ‘एकाच सभागृहात’ या शब्दांपर्यंत, आणि घडी घालून परत दिला होता. घडी अगदी सुरेख होती. चिडले तरी बाबांच्या घड्या बिघडत नसत. आई म्हणाली होती, सही मी आत्ता करते, पण वर तुझा काका राहतो, तेव्हा हे बाबांना पटूनच व्हायला हवं. म्हणजे नाहीच.

बाबांची लाँड्री सगळ्या भागात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे ते कपडा वाचायचे. शर्ट उलगडला, बाहीवरून बोट फिरवलं की सांगायचे, हा माणूस डावखुरा आहे, घाईत जेवतो आणि सध्या दाराला रंग देतोय. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. दुसरी गोष्ट होती विसाव्याचा दांडा. आलेला प्रत्येक कपडा मागच्या खोलीतल्या लांब दांड्यावर दोन दिवस नुसता लटकायचा आणि मगच मशीनमध्ये जायचा. मशीनमधलं पाणी इतकं कढत असे की विषाणूचं सोडा, त्याच्या खापरपणजोबांचंही पाणी पाणी झालं असतं. पण बाबांना हे सांगणार कोण. साथ सुरू झाली त्या वर्षी दांडा लागला, तो लागलाच. काउंटरवर काच आली, सगळे काच विसरले, कोणीतरी तिच्यावर हरवलेल्या मांजराचं चित्रही चिकटवून गेलं. दांडा मात्र हलला नाही.

त्या काचेच्या अलीकडे जी मतं ऐकायला मिळत ती वर्तमानपत्रातही मिळाली नसती. गणिताची शिकवणी घेणारे सर छातीवर हात ठेवून सांगत, एकही लस घेतली नाही, एकही चाचणी केली नाही आणि बघा, ठणठणीत आहे. त्याच आठवड्यात ते खोकून खोकून वाकले, तर म्हणाले, हवा बदलली. बस चालवणाऱ्या बाईंनी आतापर्यंतच्या सगळ्या लसी घेतल्या होत्या आणि प्रत्येक दंडावर किती झाल्या हे त्या शाळेतल्या बक्षिसांसारखं सांगायच्या. बसमध्ये तोंडाला मास्क, पण काउंटरवर आल्या की गप्पांसाठी तो हनुवटीवर. आई लाँड्रीची गाडी चालवायची, घरोघरी कपडे पोहोचवायची. तिने लस घेतली होती आणि विषय संपवला होता. चाचणीचं नाव काढलं की म्हणायची, नाकात काडी घालून भविष्य बघणाऱ्यांतली मी नाही. बाबा मात्र शिंक आली की आधी खिसा चाचपायचे, रुमालासाठी नाही, चाचणीच्या पाकिटासाठी.

छकुली या सगळ्यात वाढली होती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात मास्क लावणारी ती एकटीच होती. मास्कच्या आड बोलायची सवय गेली, तर शिक्षकांना वाटलं मुलगी मुळातच घुमी. मग फुटबॉलच्या बाईंनी तिला गोलात उभं केलं. मैदान उघडं, वारा मोकळा, म्हणून बाबांनी हो म्हटलं. आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की गोलकीपरचं अर्धं काम हातांचं असतं आणि अर्धं घशाचं. तिने ओरडून बघितलं. अख्खा संघ डावीकडे सरकला. त्या दिवसापासून घुमी मुलगी जी गेली ती परत आली नाही. आता स्पर्धेला गेलं नाही तर गोलात बदली मुलगी उभी राहणार होती, जी चेंडू दिसला की डोळे मिटते. बाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, एकदा जागा गेली की पुढच्या मोसमात शून्यापासून सुरुवात.

म्हणून त्याच संध्याकाळी, मैत्रिणींना वाटेला लावून, ती चहाचा कप घेऊन जिना चढली. काकाला पटवायचं आणि काकाकडून बाबांना पटवायचं, असा डाव. खरं तर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी काका झोपायचा आणि त्याला कोणी उठवायचं नाही असा नियम होता. पण आता पाच वाजले होते, आणि दार किलकिलं होतं.

काका खिडकीशी बसून रफू करत होता. लाँड्रीत येणारे फाटके कोट, जळलेली टेबलक्लॉथं वर यायची आणि काका ती अशी सांधायचा की जळलं कुठे होतं हे जाळणाऱ्यालाही सापडू नये. खिडकी नेहमीसारखी सताड उघडी होती. तिने कप ठेवला. तो घ्यायला काका पुढे वाकला आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरमागे काहीतरी पिवळं चमकलं.

पिवळी कागदी चिठ्ठी. पिनेने टोचलेली.

छकुली लाँड्रीवाल्याची मुलगी होती. आपली चिठ्ठी पांढरी, कापडी, लाल दोऱ्याने टाचलेली. कागदाला पिन मारणारी लाँड्री दोन चौक पलीकडची, जिच्याबद्दल बाबा म्हणायचे की कापडाला जो टोचतो तो उद्या माणसालाही टोचेल. घरात लाँड्री असताना सख्ख्या भावाचा शर्ट परक्या लाँड्रीत? हे म्हणजे विहिरीशेजारी राहून शेजाऱ्याकडे पाणी मागायला जाणं झालं.

“काका, हे काय आहे?” असं म्हणून तिने चिठ्ठी उपटलीच.

काका आधी हसला, मग गडबडला, मग त्याने सुई नीट सुयांच्या गादीत खोचून ठेवली. ज्या माणसाला बरंच बोलायचं असतं तोच सुई एवढी सांभाळून ठेवतो. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तो झोपत नव्हता. मागच्या जिन्याने उतरून बिलियर्ड्सच्या क्लबात जात होता. अकरा महिने झाले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, लस वेळेवर घ्या, गर्दीत मास्क लावा, ताप आला की त्याच दिवशी चाचणी करा आणि लगेच मला कळवा, आणि बाकी जगा. पण बिलियर्ड्स खेळलं की बाहीला काठीच्या टोकाचा निळा खडू लागतो, आणि दादाच्या हातात बाही गेली की तो ती वर्तमानपत्रासारखी वाचणार. म्हणून शर्ट दोन चौक पलीकडे.

तिला हसू येत होतं. मग काका म्हणाला की अजून एक आहे, आणि तिचं हसू थांबलं. हिवाळ्यात त्याची पाठ धरली होती, आठवडाभर तो दार लावून पडला होता, ताटं दाराबाहेर ठेवली जात होती. ती पाठ नव्हती. चाचणीत दोन रेघा आल्या होत्या. डॉक्टरांना त्याच दुपारी फोन, त्याच दुपारी औषधं, तीन दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी तो वैतागून कोट रफू करत बसला होता.

छकुलीने खुर्ची ओढली आणि धपकन बसली. ज्या वाघाच्या भीतीने सगळं घर चार वर्षं दाराला कडी लावून बसलं होतं, तो वाघ येऊन, माडीवर पाच दिवस राहून, निघूनही गेला होता. कोणाला पत्ता नाही. एवढं हलकं तिला चेंडू अडवल्यावरही वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी तिला भयंकर रागही आला.

“आणि आम्हाला लागला असता तर? मी रोज ताट आणत होते, काका.”

काकाने मान खाली घातली. बाहेर जाण्याचं त्याला काही वाटत नव्हतं, पण हे चुकलंच, असं तो म्हणाला. मग त्याने खरं कारण सांगितलं. साथीच्या पहिल्या वर्षी दादाने एका नर्सिंग होमच्या चादरींचं गाठोडं घेतलं होतं. बाकी सगळ्या लाँड्र्यांनी नाही म्हटलं, पण त्यांच्याकडे धुणारं कोणी नव्हतं म्हणून दादाने घेतलं. पुढच्या आठवड्यात काका ऑक्सिजनवर होता, अकरा दिवस. विषाणू कुठून आला कोणालाच माहीत नव्हतं. दादाने मात्र ठरवून टाकलं की गाठोड्यातून आला. एका हाताने मूत्रपिंड दिलं आणि दुसऱ्या हाताने मरण आणलं, असं तो एकदाच बोलला होता. त्यानंतर तो दांडा लागला.

“तो नियम माझ्यासाठी पाळतो असं त्याला वाटतं,” काका म्हणाला. “मी त्याच्यासाठी पाळतो. त्याच्या हातातली काठी काढून घेतली तर तो पडेल, अशी मला भीती वाटते.”

मग त्याला एक युक्ती सुचली. तो दादाला सांगेल की पोरीला जाऊ दे, मी दहा दिवस दार लावून बसतो. दादा त्याला नाही म्हणणार नाही. छकुलीला सही मिळेल, क्लबाचं गुपित राहील, कोणाचं काही बिघडणार नाही.

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. हो म्हटलं असतं तर उद्या सकाळी फॉर्म बाईंच्या टेबलावर. तिने कप उचलला, ठेवला, परत उचलला. डोळ्यांसमोर सभागृह आलं, गाद्या आल्या, रेडिओ दिवे मालवल्यावरही बडबडतेय हे आलं, आणि मग हे बंद दार आलं, ज्याच्या आड काका दहा दिवस बसलाय आणि खाली बाबा दांड्यावरचे कपडे मोजतायत.

“मला तुझ्या बंद दारावर उभं राहून खेळायला जायचं नाही,” ती म्हणाली. “तू सांग त्यांना. नाहीतर मी सांगेन, आणि माझा आवाज आता कसा आहे तुला माहितीये. दोन चौक पलीकडे ऐकू जाईल.”

काका हसला. शुक्रवारच्या आत सांगतो, म्हणाला.

बुधवार गेला. गुरुवारी दुपारी दुकानात बस चालवणाऱ्या बाई गणवेश न्यायला आल्या होत्या, आई गाडीतून रिकाम्या टोपल्या उतरवत होती आणि छकुली मोजे जुळवत होती. मागच्या जिन्यावर पावलं वाजली. काका खाली आला. दुकानात, उघड्या दुकानात, तो चार वर्षांत आला नव्हता. तो गिऱ्हाइकांच्या बाजूने फिरून आला, काचेसमोर उभा राहिला आणि त्याने काचेखालून एक शर्ट सरकवला. न धुतलेला.

“हा धुवायचा आहे,” तो म्हणाला.

बाबांनी शर्ट घेतला. समोर कोण आहे हे कळण्याआधी हात आपलं काम करू लागले होते. तीस वर्षांची सवय. उजव्या बाहीवरून बोट फिरलं. “निळा खडू,” ते पुटपुटले. “हिरव्या कापडाची लव... टेबलावर ओणवा होतो. छातीवर कॉफी. मागे पाठीवर कोणाचा तरी पंजा, तोही खडूचाच. म्हणजे जिंकलाय, कोणीतरी पाठ थोपटलीय...”

आणि ते थांबले. त्यांनी शर्टाकडे बघितलं. खिशाच्या कोपऱ्यातलं रफू त्यांच्या ओळखीचं होतं. अशा बारीक टाक्यांचा माणूस शहरात एकच होता.

“कधीपासून?” बाबांनी विचारलं.

काकाने अकरा महिने सांगितलं. मग एका दमात हिवाळा सांगितला, दोन रेघा, फोन, औषधं, पाचवा दिवस. बाईंनी हनुवटीवरचा मास्क नकळत वर ओढला आणि गणवेश छातीशी धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या. असा तमाशा सोडून जातंय कोण. मागे ड्रायर गरगरत होता आणि त्यातलं एक बटण टकटक आपटत होतं. बाबा मागे सरले आणि चादरींच्या ढिगावर बसले. धुतलेल्या, घडी घातलेल्या, दुसऱ्यांच्या चादरींवर. हे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

छकुलीला वाटलं, आता काठी निसटली. आता पडणार.

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलू लागले. ती धावत जवळ गेली तेव्हा कळलं की ते रडत होते हे खरं, पण मधूनमधून हसतही होते. “झाला,” ते म्हणत होते. “झाला आणि बरा झाला. मी रोज रात्री जिन्याखाली उभा राहून तुझा श्वास ऐकायचो रे. आणि तू तिकडे कॉफी सांडत होतास.”

“दादा, तुझाच माल आहे आत,” काका म्हणाला. “पक्का निघाला.”

मग बाबा उठले आणि काचेला वळसा घालून गेले. चार वर्षांत ज्या भावाला त्यांनी हाताच्या अंतरावर ठेवलं होतं, त्याला त्यांनी असा आवळला की काकाने नवी मूत्रपिंडं महाग असतात म्हणून बजावलं. आईने टोपली खाली ठेवली आणि अगदी सहज सांगितलं की तिने गाडीतून त्याला क्लबाच्या दारात दोनदा बघितलं होतं. माणूस शीळ घालत चाललाय, म्हटलं चालू दे. बाबांचं तोंड उघडं राहिलं. म्हणजे घरात मी एकटाच आंधळा, असं म्हणाले, आणि परत हसू लागले. बस चालवणाऱ्या बाई डोळे पुसून म्हणाल्या की माझा थांबा चुकला तरी चालेल, हे मला बघायचंच होतं.

पण बाबांचं सगळंच टोकाचं. पाच मिनिटांत ते मागच्या खोलीत गेले आणि विसाव्याच्या दांड्यावरचे कपडे मिठीत भरभरून मशीनपाशी आणू लागले. मग त्यांनी चाचण्यांचं खोकं काढलं, त्यातली बरीचशी कधीच मुदत संपलेली, आणि सगळंच्या सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. आता ना काडी, ना मास्क, ना लस, ना लफडं, असं ते गाण्यासारखं म्हणत होते. काका मध्ये काही बोलू बघत होता की डॉक्टर असं म्हणाले नाहीत, लस तर मी गेल्याच महिन्यात घेतली, पण त्याचं कोण ऐकतंय. आई म्हणाली, आता कसं बोललात.

छकुली डब्याजवळ गेली. मुदत न संपलेली पाकिटं तिने एकेक करून बाहेर काढली. सात निघाली. ती तिने काउंटरवर ओळीने मांडली, खिशातून फॉर्म काढून त्यांच्याशेजारी ठेवला आणि मैदानावर भिंत उभी राहते तशी पाय फाकवून उभी राहिली.

“आई, बाबा, दोघं ऐका,” ती म्हणाली, आणि आवाज असा लागला की मशीनचं दार उघडणारे बाबा तसेच वाकलेले राहिले. “मी स्पर्धेला जाणार आहे. सही कोणीही करा, पण जाणार. वीस मुलींत झोपणार, त्यातल्या काहींनी लस घेतली असेल, काहींनी नसेल, तो त्यांचा प्रश्न. माझी लस मी उद्या शाळेत घेणार आहे. आणि परत येताना बसमध्येच चाचणी करणार, तुम्ही सांगता म्हणून नाही आणि आई, तू हसतेस तरीही. दोन रेघा आल्या तर तिथूनच फोन करून सगळ्यांना सांगेन आणि मावशीकडे उतरेन. एक आली तर घरी येईन, आणि त्या दिवशी आपण चौघं एका टेबलावर जेवणार आहोत. हे मी ठरवलंय.”